बाबू, इम्युनिटी वाढवू नकोस

लालबाग, मुंबई
जानेवारी २०२६

चि. बाबू,

फोनवर तू लेकीबद्दल म्हणालास, "बायचं इन्सुलिन निम्म्यावर आलं, काढा लागू पडला बहुतेक." मी तेव्हा हो-नाही काहीच बोललो नाही. मागे वहिनीचा आवाज येत होता, आणि तिने एवढ्या भक्तीने पाजलेल्या गोष्टीला मुंबईहून फोनवर नावं ठेवणं बरं वाटेना. म्हणून लिहितो. सूनबाईलाही वाचायला दे. खरं तर तिलाच आधी दे, रोज सुई तीच टोचते.

काढा बंद कर. इन्सुलिनची एकही वेळ चुकवू नकोस. या दोन गोष्टी तू पत्र वाचून होण्याआधीच करशील असं धरून चालतो. बाकीचं सांगतो ते एवढ्यासाठी की कारण समजल्याशिवाय ऐकणारा तू नाहीस. तुझे वडीलही तसेच होते.

डोस उतरला हे खरं आहे आणि त्याचा आनंद जरूर माना. पण ते काढ्याने झालेलं नाही. ऑक्टोबरात बायचं टाइप-१ मधुमेहाचं निदान झालं तेव्हा तिच्या स्वादुपिंडातल्या, इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशी बऱ्याच मेल्या होत्या, पण सगळ्या नाही. उरलेल्या होत्या त्या कित्येक दिवस चढ्या साखरेत राहून गप्प पडल्या होत्या. बाहेरून इन्सुलिन मिळालं, साखर खाली आली, त्यांना उसंत मिळाली आणि त्या पुन्हा थोडं थोडं इन्सुलिन सोडू लागल्या. साहजिकच बाहेरून द्यायचं प्रमाण घटलं. दिवसाची गरज वजनाच्या दर किलोमागे अर्ध्या युनिटच्या खाली आली की डॉक्टर त्याला 'हनिमून' म्हणतात. लहान मुलाच्या आजारात हे नाव कुणाला सुचलं कोण जाणे. निदानानंतर काही आठवड्यांत हा काळ सुरू होतो, काही महिने चालतो, एखाद्याला वर्षभरही पुरतो. बायने काढ्याचा थेंब घेतला नसता तरी हा उतार आलाच असता.

जगभरात 'मधुमेह मुळापासून घालवतो' म्हणणाऱ्यांचा धंदा याच थोड्या महिन्यांवर चालतो. गरज उतरते, श्रेय बाटलीला जातं, कुणीतरी धीर करून सुई पूर्ण बंद करतं, आणि मग एका रात्री मूल उलट्या करत, पोट धरून, खोल खोल श्वास घेत दवाखान्यात येतं. इन्सुलिन नसलं की शरीर चरबी जाळू लागतं, तिच्यातून किटोन तयार होतात आणि रक्त आम्ल होत जातं. यात मुलं दगावतात, बाबू. परळच्या प्रयोगशाळेत माझी सगळी नोकरी झाली. रात्रपाळीला अशा मुलांच्या रक्ताच्या नळ्या यायच्या आणि आकडे पाहूनच कळायचं, हे मूल बरेच दिवस इन्सुलिनशिवाय होतं. उरलेल्या पेशी जपायच्या असतील तर त्यांच्यावरचा भार इन्सुलिनने हलका ठेवणं, हाच आज आपल्या हातातला उपाय आहे. डोस कमी करायचा तर तो डॉक्टर करतील, वहीतले आकडे बघून.

आता त्या बाटलीवरच्या शब्दाकडे येतो. 'इम्युनिटी वाढवतो' असं त्यावर छापलंय म्हणालास. कोविडपासून हा शब्द आपल्याकडे देवाच्या अंगाऱ्यासारखा वाटला जातो. पण बायला इम्युनिटी कमी पडलेली नाही. तिच्याच इम्युनिटीने तिच्याच पेशी मारल्यात. घरच्याच पोरांना चावणाऱ्या कुत्र्याला कुणी खुराक वाढवतं का? त्याला आवरणारा कुणी लागतो. बायच्या शरीरात नेमका तो आवर घालण्याचा भाग कमी पडला. हे कसं झालं ते नीट सांगतो. या विषयात गेल्या तीस वर्षांत जे कळलंय ते मला निवृत्तीनंतरही वाचावंसं वाटतं, त्यामुळे थोडं लांबलं तर सहन कर.

छातीच्या हाडामागे थायमस नावाची ग्रंथी असते. लहानपणी मोठी, वयाबरोबर सुकत जाणारी. टी पेशी तिथे तयार होतात आणि त्यांची पारखही तिथेच होते. थायमसमधल्या काही पेशी शरीरभरच्या अवयवांची प्रथिनं थोड्या प्रमाणात स्वतः बनवून दाखवतात. त्यात इन्सुलिनसुद्धा असतं. ज्या टी पेशी त्यावर जोराने उठतात त्या तिथल्या तिथे नष्ट केल्या जातात. पण ही निवड शंभर टक्के नसते, काही निसटतात. तुझ्या रक्तातही बीटा पेशींवर उठू शकणाऱ्या टी पेशी असण्याची शक्यता आहे. माझ्याही. निरोगी माणसांच्या रक्तात त्या सापडल्या आहेत. मग तुला-मला हा मधुमेह का झाला नाही?

कारण निसटलेल्यांना बाहेर आवर घालणाऱ्या दुसऱ्या टी पेशी असतात. त्यांना नियामक टी पेशी म्हणतात. बायचं निदान झालं त्याच महिन्यात, ६ ऑक्टोबरला, वैद्यकशास्त्राचं २०२५चं नोबेल जाहीर झालं ते याच पेशींच्या शोधासाठी. जपानचे शिमॉन साकागुची, अमेरिकेच्या मेरी ब्रन्को आणि फ्रेड रॅम्सडेल. तुम्ही तेव्हा दवाखान्यात होतात, बातमी बघायला कुणाला वेळ असणार.

साकागुचींची गोष्ट मला फार आवडते. दाबून ठेवणाऱ्या पेशी असाव्यात ही कल्पना आधी बरीच गाजली होती, आणि पुरावे ठिसूळ निघाल्यावर १९८०च्या दशकात तिची अब्रू गेली. बहुतेकांनी तो नाद सोडला. या माणसाने सोडला नाही. १९९५ साली त्यांनी दाखवलं की ज्या टी पेशींच्या पृष्ठभागावर सीडी-२५ नावाचं प्रथिन भरपूर असतं त्या काढून टाकल्या, तर उंदरांचं शरीर स्वतःच्याच अनेक अवयवांवर उलटतं. वेळेवर त्या परत दिल्या तर ते टळतं. ब्रन्को आणि रॅम्सडेल दुसऱ्याच टोकाने आले. 'स्कर्फी' नावाचे जन्मतः आजारी, खपल्या धरलेल्या कातडीचे उंदीर होते. त्यांच्यातलं बिघडलेलं जनुक या दोघांनी २००१ साली हुडकून काढलं. ते फॉक्सपी-३. माणसात हेच जनुक बिघडलं की 'आयपेक्स' नावाचा दुर्मीळ आजार होतो. तो एक्स गुणसूत्रावरचा असल्याने मुलग्यांना होतो. जुलाब, कातडीवर चट्टे, आणि कित्येकांना जन्मानंतर काही आठवड्यांत किंवा महिन्यांत मधुमेह. पुढे दोनच वर्षांत कळलं की नियामक पेशी घडवणारं मुख्य जनुक हेच.

म्हणजे आवर घालणाऱ्या पेशीच नसल्या तर तान्ह्या बाळालाही बायसारखाच मधुमेह होऊ शकतो. त्या बाळाने ना खाजा खाल्लेला असतो ना पेढा. सूनबाईला हे दोनदा वाचून दाखव. आंगणेवाडीच्या जत्रेत पोरीला खाजा घेऊन दिला म्हणून ती स्वतःला बोल लावते, हे मला कळलंय. या आजाराच्या खुणा, म्हणजे बीटा पेशींविरुद्धची प्रतिपिंडं, रक्तात पुष्कळदा वयाच्या पहिल्या दोन-तीन वर्षांतच दिसू लागतात आणि मग वर्षानुवर्षं काहीच जाणवत नाही. गेल्या जत्रेत काय खाल्लं याचा यात काही संबंध नाही. आईच्या दुधाचा, तिच्या नोकरीचा, तुमच्या भांडणांचाही नाही.

बायला आयपेक्स नाही. तिच्या नियामक पेशी आहेत. टाइप-१ मधुमेहाच्या बहुतेक रुग्णांत त्या रक्तात मोजल्या तर साधारण पुरेशा भरतात. बिघाड असतो तो निरोप पोचण्यात. पेशी एकमेकींशी प्रथिनांच्या भाषेत बोलतात, त्यातलं एक प्रथिन म्हणजे इंटरल्युकिन-२. टी पेशी चेतल्या की ते सोडतात आणि त्यावर त्यांची संख्या वाढते. गंमत अशी की नियामक पेशी ते स्वतः जवळपास बनवत नाहीत, पण जगतात त्याच्यावरच. मघाशी सांगितलेलं सीडी-२५ हे इंटरल्युकिन-२ पकडण्याच्या यंत्रणेचाच भाग आहे. ते त्यांच्याकडे भरपूर असल्याने थोडंसं इंटरल्युकिनही त्या चटकन ओढून घेतात. स्वतः तगतात आणि चेतलेल्या टी पेशींच्या वाट्याचं कमी करतात. टाइप-१च्या पुष्कळ रुग्णांत नियामक पेशींना हा निरोप मिळतो, पण आत तो मंद उमटतो. वरून त्यांच्या हल्लेखोर टी पेशी आवर सहजी मानत नाहीत. दोन्हीकडून थोडी थोडी ढिलाई, आणि वर्षांचा कालावधी.

यात बीटा पेशीही नुसती बसून मार खात नाही. बहुधा एखादा विषाणू येतो. कॉक्सॅकी गटातल्या विषाणूंवर सगळ्यात जास्त संशय आहे. शरीर इंटरफेरॉन नावाचं प्रथिन सोडतं. त्याचा निरोप मिळाला की बीटा पेशी आपल्या आत चाललेल्या प्रथिनांचे तुकडे पृष्ठभागावर नेहमीपेक्षा कितीतरी जास्त मांडू लागते. विषाणू लपला असेल तर तो उघडा पडावा, ही त्यामागची सोय. शिवाय ती अशी रसायनं सोडते की टी पेशी तिच्याकडे ओढल्या जातात. आवर धड असता तर थोड्या दिवसांत हे सगळं निवळलं असतं. आवर ढिला असला तर मारेकरी टी पेशी तिथेच मुक्काम ठोकतात, त्या आणखी इंटरफेरॉन सोडतात, आणि बीटा पेशी आणखी उघडी पडते. मेलेल्या रुग्णांच्या स्वादुपिंडाच्या काचपट्ट्यांवर हे दिसतं: इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींच्या बेटांभोवती लिम्फोसाइटची, म्हणजे टी पेशींसारख्या पेशींची, दाट गर्दी, आणि त्याच स्वादुपिंडात शेजारचं एखादं बेट अगदी शाबूत. बेल्जियमच्या विली गेप्ट्स यांनी १९६५ साली ही गर्दी नीट नोंदवली तेव्हा हा आजार शरीराने स्वतःवरच केलेला घाव आहे ही समजूतच रूढ नव्हती.

माझ्या म्हणण्याला उलट्या बाजूचाही पुरावा आहे. कर्करोगावर अलीकडे अशी औषधं आली आहेत की ती टी पेशींवरचा आवर मुद्दाम काढतात, म्हणजे त्या गाठीवर तुटून पडतील. त्या शोधालाही २०१८ साली नोबेल मिळालं. गुणकारी औषधं आहेत. पण ती घेणाऱ्यांपैकी थोड्या लोकांना, पन्नाशी-साठीतल्या माणसांना, काही आठवड्यांत अचानक इन्सुलिनवर अवलंबून राहावं लागेल असा मधुमेह होतो. इम्युनिटी खरोखर 'वाढवली' की काय होऊ शकतं, ते हे. सुदैवाने तुझ्या त्या काढ्यात एवढी ताकद नसणार.

लगेच तुझ्या डोक्यात येईल, मग लसीही नकोत का? घ्यायच्या. सगळ्या, वेळेवर. लस एकाच जंतूची ओळख करून देते, सरसकट चेतवत नाही. डेन्मार्कमध्ये लाखो मुलांच्या नोंदी तपासून पाहिल्या, लसींचा आणि या मधुमेहाचा संबंध लागला नाही. उलट बायला ताप-जुलाब जितके कमी तितकी साखर आटोक्यात राहील.

आता तू मोबाइलवर पाहिलेलं 'इम्युनिटी रिसेट करणारं इंजेक्शन'. ते खोटं नाही, पण बायसाठी नाही. त्याचं नाव टेप्लिझुमॅब. टी पेशींवरच्या सीडी-३ या प्रथिनाला चिकटणारं ते प्रतिपिंड आहे. चौदा दिवस रोज शिरेतून देतात, आणि त्याने मारेकरी टी पेशी बऱ्याच काळापुरत्या थकून जातात. ज्यांच्या रक्तात दोन किंवा जास्त प्रतिपिंडं आहेत, साखर किंचित बिघडू लागली आहे, पण आजार अजून उघड झालेला नाही, अशांवर त्याची चाचणी झाली. आजार उघड व्हायला औषध न मिळालेल्यांत साधारणपणे दोन वर्षं लागली, मिळालेल्यांत चार. अमेरिकेने नोव्हेंबर २०२२मध्ये आठ वर्षं आणि त्यापुढच्या वयाच्या रुग्णांसाठी त्याला मान्यता दिली. हा आजार लांबणीवर टाकणारं जगातलं पहिलं औषध म्हणून त्याचं मोल मोठं आहे. किंमतही तशीच, बाजारात आलं तेव्हा अमेरिकेत एका कोर्सला एक लाख नव्वद हजार डॉलरच्या वर. बाय त्या टप्प्याच्या पुढे गेली आहे. देवबागचं घर गहाण टाकण्याची भाषा तू फोनवर अर्धवट काढलीस ती इथेच संपव.

दुसऱ्याही वाटा चालू आहेत. इंटरफेरॉनचा निरोप पेशीच्या आत ज्या प्रथिनांवरून जातो त्यांना अडवणारी बॅरिसिटिनिबची गोळी संधिवातासाठी वापरात आहेच. मेलबर्नच्या संशोधकांनी नव्याने निदान झालेल्या ९१ जणांवर ती ४८ आठवडे तपासली आणि २०२३मध्ये निष्कर्ष छापला. गोळी घेणाऱ्यांचं स्वतःचं इन्सुलिन जास्त टिकलं. गोळी थांबल्यावर तो फायदा ओसरला. आणि नियामक पेशीच रक्तातून काढून, प्रयोगशाळेत वाढवून परत द्यायचं? पोलंडमध्ये, अमेरिकेत करून पाहिलं. सुरक्षित ठरलं, सुरुवातीला आशाही वाटली; पण मुलांवरच्या मोठ्या अमेरिकन चाचणीत बीटा पेशींची घसरण थांबली नाही. बहुधा नुसत्या पेशी वाढवून भागत नाही, त्यांना स्वादुपिंडाचा नेमका पत्ता द्यावा लागतो, आणि आता त्यावर काम चाललंय. माझं वैयक्तिक मत विचारशील तर बायच्या तिशीपर्यंत यातलं काहीतरी कामाचं हाती येईल. तोवर तिचे डोळे, मूत्रपिंडं आणि पायाच्या नसा शाबूत ठेवणं हे तुमचं काम आहे. तेवढं इन्सुलिन करतं. टोरांटोत १९२२च्या जानेवारीत ते पहिल्यांदा एका मुलाला टोचलं, त्याआधी हे निदान म्हणजे महिन्यांचा हिशेब असायचा.

बायच्या धाकट्या भावाची तपासणी करावी का, हा तुझा प्रश्न मला सगळ्यात अवघड वाटला. पाश्चात्त्य देशांतल्या आकड्यांप्रमाणे ज्याच्या भावंडाला टाइप-१ आहे त्याला तो होण्याची शक्यता साधारण विसात एक. म्हणजे विसातल्या एकोणिसांना होत नाही. प्रतिपिंडं चार प्रकारची तपासतात: जीएडी, आयए-२, झिंक ट्रान्सपोर्टर-८ आणि इन्सुलिनविरुद्धचं. जर्मनी, फिनलंड आणि अमेरिकेतल्या मुलांच्या पाहणीत दोन किंवा जास्त प्रतिपिंडं असलेल्यांपैकी सुमारे सत्तर टक्के मुलांना दहा वर्षांत आजार झाला. एकच असेल तर सुमारे पंधरा टक्के. आपल्या मुलांना हे आकडे जसेच्या तसे लावता येत नाहीत. आपल्याकडचं काम उशिरा सुरू झालं. पुण्याच्या केईएम रुग्णालयात (परळचं नव्हे, पुण्याचं) डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या पथकाने हैदराबादच्या सीसीएमबी आणि इंग्लंडच्या एक्सेटर विद्यापीठाबरोबर २०२०मध्ये एक पाहणी छापली. युरोपियन लोकांवरून बांधलेलं जनुकीय जोखमीचं गणित पुण्याच्या रुग्णांनाही बरंच लागू पडतं, मात्र काही जनुकांचं वजन आपल्यात वेगळं आहे, असं त्यांना दिसलं. आपल्या माणसांचं रक्त तपासून केलेली अशी कामं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत.

मी तुझ्या जागी असतो तर धाकट्याची तपासणी केली असती. औषध मिळेल म्हणून नव्हे. जर्मनीच्या बव्हेरियात २०१५पासून लहान मुलांची अशी तपासणी चालू आहे. आधी कळलेल्या मुलांपैकी फार थोडी किटोन वाढून रक्त आम्ल झालेल्या अवस्थेत दवाखान्यात येतात, कारण आईबापांना काय बघायचं ते ठाऊक असतं. बायच्या वेळी तहान-लघवी वाढलेली असताना उष्णता म्हणून कोकम सरबत आणि जिऱ्याचं पाणी देण्यात दिवस गेले, आणि ज्यांनी तिला पहिल्यांदा तपासलं त्यांनीही बोटातून एक थेंब रक्त काढून पाहिलं नाही. दुसऱ्या वेळी ते व्हायला नको. पण सूनबाईची तयारी नसेल तर थांबा. प्रतिपिंडं निघाली तर रोज त्या पोराकडे संशयाने बघत राहणं हाही एक आजार आहे, आणि तो आईला होतो. तपासणी न करताही तुम्हाला एवढं पुरेल: तो अंथरूण ओलं करू लागला, घटाघटा पाणी पिऊ लागला, वजन उतरलं, की त्याच दिवशी बायच्याच यंत्रावर त्याची साखर बघायची.

आता रोजचं. आपल्याकडे इन्सुलिनची कुपी बहुधा मिलिलिटरला ४० युनिटची असते आणि तिची सिरिंज लाल टोपणाची. केशरी टोपणाची १००ची. औषधवाल्याने घाईत दुसरी दिली तर डोस अडीच पटीने चुकतो. दर वेळी टोपण आणि कुपी दोन्ही वाच, पेन घेतलंस तर ही भानगड राहत नाही. कुपी मासळीच्या बर्फाच्या पेटीत चुकूनही ठेवू नकोस. एकदा गोठलेलं इन्सुलिन वाया जातं, दिसायला तसंच दिसलं तरी. २०२१च्या मे महिन्यात तौक्ते वादळानंतर कित्येक दिवस वीज नव्हती, आठवतं ना? तशी वेळ आली तर एका मडक्यात दुसरं छोटं मडकं, मध्ये ओली वाळू, सावलीची जागा. शिल्लक कुप्या वीज येईपर्यंत त्यात ठेव. चालू कुपी महिनाभर त्याबाहेरही टिकते, फक्त ऊन आणि चूल यांपासून लांब हवी.

ताप आला, उलट्या झाल्या, जेवली नाही, तरी इन्सुलिन पूर्ण थांबवायचं नाही. बहुतेक घरं इथेच फसतात: "पोटात काय नाय, मग सुई कित्याक?" आजारात शरीर उलट जास्त मागतं. लघवीतले किटोन तपासायच्या पट्ट्या घरात हव्यात. किटोन आले आणि उलट्या थांबेनात, की सकाळची वाट न बघता ओरोसचं जिल्हा रुग्णालय. त्यांनी पुढे जायला सांगितलं तर गोव्यातलं बांबोळीचं रुग्णालय.

साखर सत्तरच्या खाली गेली की आधी ग्लुकोज किंवा तीन चमचे साखर पाण्यात, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासणी. चॉकलेट नको, त्यातल्या चरबीने साखर चढायला वेळ लागतो. शाळेत बाईंना हे लिहून दे आणि दप्तरात ग्लुकोजची पुडी ठेव. ती समुद्रात पोहायला उतरणार असेल तर आधी तपासून, थोडं खायला घालून, आणि कुणीतरी सोबत.

खाण्याचा फार बाऊ करू नका. मासळीत कर्बोदकं नसतात, बांगडा-तारलीला मोजायचं काय? मोजायचं ते भात, पेज, घावणे, आंबा. शिरवाळ्या नारळाच्या गोड रसात एकदा खाल्ल्या तर त्या हिशेबाने सुई, एवढंच. हापूस वर्ज्य केलात तर ती चोरून खाईल आणि मग हिशेबाबाहेर खाईल. २०२२ साली आयसीएमआरने टाइप-१साठी जी मार्गदर्शक पुस्तिका काढली तिचाही सूर बंदीचा नाही.

राहिली वहिनी. "चेडवाक कोणाची तरी दिष्ट लागली" म्हणून ती राखणदाराला गाऱ्हाणं घालणार आहे. घालू दे. नारळ वाढवू दे, कोंबडा देऊ दे, तिच्या जिवाची ती सोय आहे आणि त्यात बायचं काही जात नाही. देवळात जाताना बायची सुईची वेळ चुकू नये, एवढंच तिला सांग, आणि तिच्याकडेच ते काम सोपव. वहिनीने हातात घेतलेली गोष्ट चुकत नाही.

बायच्या साखरेच्या वहीची मागच्या पंधरवड्याची पानं फोटो काढून पाठव, आणि डॉक्टरांना सी-पेप्टाइडची तपासणी विचार. तिचं स्वतःचं इन्सुलिन किती उरलंय ते त्यावरून कळतं. काढ्याची बाटली फेकू नकोस. लेबलासकट, उरलेल्या औषधासकट वर ठेवून दे, मुलांचा हात पोचणार नाही अशी. असल्या औषधांत कधी स्टेरॉइड सापडतं, कधी शिसं-पारा. शिमग्याला येईन तेव्हा इकडे आणतो आणि ओळखीच्या प्रयोगशाळेत तपासून घेतो.

तुझा,
काका